पाठीमागची बकलं

प्रिय हीना,

हेल्मेटमध्ये हात घातलासच ना? मला माहीत होतं. खोकं उघडलं की बाकी काही बघायच्या आधी तू हेल्मेट उलटं करणार, आतल्या पॅडिंगवरून बोटं फिरवणार, मग नाक लावून वास घेणार. म्हणून तर पत्र तिथेच ठेवलंय. आता माझं एक ऐक. खोक्यात खाली जे आहे ते अजून काढू नकोस. वर चुरगाळलेले पेपर भरलेत, ते तसेच राहू देत. आधी हे सगळं वाच. महिनाभर तू व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका देऊन गप्प बसली आहेस. फोन उचलत नाहीस. घरी आले तर भूरीबाई काकू बाहेर येऊन सांगतात की हीनाचं डोकं दुखतंय. एवढं महिनाभर कोणाचं डोकं दुखतं गं? मग मी ठरवलं, जिथे तुझा हात जाणारच आहे तिथेच जाऊन बसायचं. इंग्लिशमध्ये सुरू केलं होतं, पण चार ओळींत ते प्रोजेक्ट रिपोर्टसारखं वाटायला लागलं. म्हणून मराठीत. शुद्धलेखनावर हसायचं नाही, आपण दोघी एकाच शाळेच्या.

पप्पा उद्या तुमच्याकडे ओली मिरची घेऊन येणार आहेत, त्याच पिकअपमध्ये हे खोकं येईल. पोत्यांवर ठेवू नका म्हणून सांगितलंय, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवून आणणार आहेत. हुकमीचंद काकांच्या हातात देताना काय म्हणायचं तेही त्यांनी आत्ताच म्हणून दाखवलं, "हाई मिरची नई शे शेठ, तुमनी पोरनं सामान शे. तोलू नका." तरी मी ते प्लास्टिकमध्ये दोन-तीनदा गुंडाळलंय. सुरतेनंतर मी शहाणी झालेय.

हो, सुरतेच्या त्या कॉस्प्ले स्पर्धेबद्दल बोलणार आहे मी, सिरीजमधल्या पात्रांचे पोशाख बनवून उतरायच्या. तू नको म्हणतेस म्हणून ते घडलंच नाही असं होत नाही. आणि मला विचारशील तर त्यात शरम वाटण्यासारखं काही नव्हतं, उलट त्या दिवशी तिथे आपल्यासारखं दुसरं कोणी नव्हतं. आठव ना. बाकीच्यांची आर्मर चकाचक, जशी दुकानातून आत्ताच काढलीत. आपली एकटी कॅप्टन सेरिन खऱ्या लढाईतून आल्यासारखी. ‘नोव्हारी’ सिरीजमधल्या त्या ग्रहाची लाल धूळ तिच्या खांद्यांवर, कोपऱ्यांत, बोल्टच्या भोवती बसलेली असते, आणि तुला तोच लाल पाहिजे होता. गेरू लावून बघितला, तू म्हणालीस चहा सांडल्यासारखा दिसतो. विटेची भुकटी लावली, म्हणालीस ही तर पिवळी पडते. मग एक दिवस तुमच्या मिरचीच्या गोडाऊनमध्ये मोबाईलवरचा स्क्रीनशॉट हातात धरून तू खाली वाकलीस, फरशीवरची मिरचीची धूळ बोटावर घेतलीस आणि स्क्रीनला लावून बघितलीस. सेम. अगदी सेम! काका ओरडत होते, "अरे छोरी, मिर्ची खाने की चीज है, पोतने की नहीं!" आणि तू वार्निशमध्ये ती ढवळत होतीस. आता मला सांग, हे नंदुरबार सोडून कोणाच्या डोक्यात आलं असतं? आपल्याला त्याचा वासच येत नव्हता. हंगामात पाहुणा स्टेशनवर उतरला की खोकायला लागतो आणि आपण त्याला विचारतो, सर्दी झाली का.

पुढचं मी आतून बघितलंय, हेल्मेटच्या काचेतून. ते टक्कल असलेले परीक्षक भिंग घेऊन जवळ आले, खांद्याच्या प्लेटवरून बोट फिरवलं, "ब्युटिफुल" म्हणाले, आणि मग त्याच बोटाने चष्मा वर करून डोळा चोळला. हीना, मला खरंच वाटलं की आपलं आर्मर बघून त्यांना रडू आलं! मी आत छाती फुगवून उभी. मग दुसऱ्या मॅडम रुमाल घेऊन धावल्या, त्यांनीही माझ्या खांद्याच्या प्लेटचा आधार घेतच सरांना बाजूला केलं, आणि त्या शिंकायला लागल्या. अँकर माइकवर शिंकला. सगळा हॉल शिंकतोय आणि कॅप्टन सेरिन एकटी ठणठणीत. आपल्याला स्टेजवरून उतरवलं. त्या व्हिडिओला कोणीतरी ‘मिरची कॅप्टन’ नाव देऊन टाकलं, आणि दोन दिवसांत तो माझ्या मावशीपर्यंत पोचला. तू पडद्यामागे उभी होतीस. परतीच्या गाडीत मी हसत होते, तू हेल्मेट मांडीवर घेऊन खिडकीकडे बघत होतीस. नवापूर गेल्यावर एवढंच म्हणालीस, "माझ्या हातून एक तरी गोष्ट सरळ होऊ दे ना." मी हसायची थांबले. मिरचीबद्दल एवढं कोणी बोलत नाही.

मला तुझी पहिली आठवण काय आहे सांगू? पाचवी. मी कोरीटच्या खेड्यातून नवीन आलेली, गुड मॉर्निंगच्या पुढे इंग्लिश येत नाही. तू पुढच्या बाकावर अशी बसलेली की वर्गात तेवढी ताठ टीचरपण बसत नव्हत्या. मधल्या सुट्टीत पोरं तुझ्या पाठीवर टकटक करून जायची, "ए डबा, आत कोण आहे?" युनिफॉर्मच्या आत तुझं ते पाठीचं ब्रेस होतं, पांढरं, कडक प्लास्टिकचं, काखेपासून कमरेखालपर्यंत, मागे तीन पट्टे. पोरांना तो डबा वाटायचा. मला वाटलं चिलखत आहे. मी धीर करून तुला विचारलं, हे कुठे मिळतं, मला पण पाहिजे. तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, "डॉक्टरकडे. आधी पाठ वाकडी करून ये." बाप रे! पाचवीतल्या पोरीचं उत्तर! त्या दिवसापासून मी तुझ्या शेजारी बसले ते बसलेच.

नववीत ब्रेस निघालं. पाठ पूर्ण सरळ झाली नाही, आणि त्यावर तू कधी बोलली नाहीस, मीही नाही. तू फक्त मोठे कुर्ते घालायला लागलीस, ओढणी नेहमी डाव्या बाजूने, आणि फोटो काढायची वेळ आली की, "दे, मी काढते." आपल्या एवढ्या वर्षांच्या फोटोंत तू कुठेच नाहीस, माहितीये तुला? सगळे फोटो तुझेच, म्हणजे तू काढलेले.

पण ‘नोव्हारी’ बघायला लागलो आणि तुझ्यात काहीतरी पेटलं. मी स्टोरी बघायची, तू बिजागऱ्या. कॅप्टन मरतेय की वाचतेय याने माझा जीव वर-खाली, आणि तू पॉज करून विचारतेस, "हिच्या काखेत प्लेट घासत कशी नाही?" एकदा तू एकच सीन एवढ्यांदा बघितलास की मला डायलॉग पाठ झाले, आणि तुला छातीच्या प्लेटवरचे सगळे ओरखडे. मग फोमच्या चटया आल्या, त्या लहान मुलांच्या खेळायच्या असतात त्या. चपला चिकटवायचा पिवळा गोंद आला. हीट गन आली, आणि काकूंचा पापड भाजायचा चिमटा कायमचा गेला. सिरीजमध्ये पट्टे चामड्याचे, आणि तुमच्या शाकाहारी घरात चामडं येणं शक्यच नाही. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती चालतंय, कोणाला कळतंय. तू रेक्झिनवर सॅंडपेपर मारलास, तेल लावलंस, वाकवून वाकवून सुरकुत्या पाडल्यास. सुरतेला परीक्षकांनी विचारलं, हे लेदर कुठून घेतलं? मला तो क्षण फ्रेम करून ठेवायचाय. डोळा चोळायच्या जरा आधीचा.

पण खरं सांगू, दिसण्यापेक्षा मला तुझ्या फिटिंगचं वेड आहे. दिसायला छान आर्मर पुष्कळ जण करतात. ते घातल्यावर माणूस उभाच राहतो, बसू शकत नाही, हात वर करू शकत नाही. तुझ्या आर्मरमध्ये मी सुरतच्या स्टेशनचा जिना चढले! तुला न विचारता कळायचं कुठे टोचणार ते. "बरगडीच्या खाली हवा ठेवायची," तू म्हणायचीस. "कमरेवर वजन बसलं पाहिजे, खांद्यावर नाही. काखेत धार ठेवलीस तर संध्याकाळपर्यंत रडशील." हे कुठल्या व्हिडिओत नाही, मी शोधलंय. हे तुला कसं माहीत ते मला माहीत आहे. चार वर्षं एक कडक कवच अंगावर घालून तू शाळेत बसलीस, आणि त्यातून तुला जे कळलं ते सगळं तू माझ्या बरगड्यांना दिलंस. मला एकदाही काही टोचलं नाही. माझा उजवा खांदा खाली आहे हे मला कुठे माहीत होतं? तू टेप लावलीस आणि आतून त्या बाजूला फोमचा जादा थर लावून टाकलास. मी आरशात बघितलं तर कॅप्टन एकदम सरळ. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "सगळेच आतून थोडे वाकडे असतात. आतलं माप माणसाचं घ्यायचं, बाहेरची रेघ कॅप्टनची." मग माझ्या मागे जाऊन तू बकलं लावलीस. सेरिनच्या आर्मरला बकलं मागेच आहेत, ती तिच्या माणसांनीच लावायची. तू ती लावायचीस तेव्हा प्रत्येक वेळी आधी दोन बोटं आत घालून बघायचीस, श्वास घेता येतोय ना. काकू सकाळी शाळेआधी तुझे पट्टे तसेच लावायच्या, मी घ्यायला आले की दारातून दिसायचं.

तर आता ती मेल. सुरतच्या परीक्षकांची. डोळे धुऊन झाल्यावर त्यांनी लिहिलेलं, "आजवर पाहिलेलं सर्वांत चांगलं काम. आणि डोळ्यांना सर्वांत वाईट. पुण्याला जानेवारीत या. मिरची घरी ठेवून." मी रिक्षात बसून वाचली, तिथेच नाचले असते. पण खाली एक ओळ होती, की पुण्याच्या स्पर्धेत ज्याने बनवलं त्यानेच घालायचं. मदतनीस चालेल, मॉडेल चालणार नाही. तू मला ती मेल फॉरवर्ड केलीस, वर दोनच शब्द, "विषय संपला." त्यानंतर निळ्या टिका.

मी कारण विचारलं नाही, कारण ते तू एकदा सांगून बसलीयेस, तुझ्या लक्षात नसेल. बारावीच्या सुट्टीत आपण अंगाचं माप घ्यायची ती टेपची पद्धत शिकलो. जुना टी-शर्ट घालायचा, वरून चिकटटेप गच्च गुंडाळत जायचं, मग पाठीवरून कापून काढायचं आणि आत कडबा भरायचा. माणसाचं धड तसंच्या तसं उभं. मला गुंडाळायला यावं म्हणून पहिल्यांदा तू उभी राहिलीस. मी गुंडाळलं, कापलं, भरलं, स्टुलावर ठेवलं. तू त्याला गोल फेरी मारलीस आणि मागच्या बाजूला थांबलीस. मग म्हणालीस, "कॅप्टन सेरिन सरळ उभी राहते. हे फेकून दे." आणि लगेच टेप उचलून मला गुंडाळायला लागलीस. तेव्हापासून सगळं माझ्याच मापाचं.

आता न्यूज ऐक. ते फेकलं गेलं नाही. माझ्या आईच्या घरात काही फेकलं जातं का? मी ते पिशवीत घालून कोरीटला नेलं, आईने पिशवी उघडली, बांबूला खोचलं, वर मडकं ठेवलं, जुनी ओढणी बांधली, आणि दादर ज्वारीच्या वावरात उभं केलं. दोन वर्षं झाली, तू आमच्या शेतात पोपट हाकलतेयस. घरात सगळे तुला हीनाच म्हणतात. "हीनाकडच्या बांधाने जा." "हीनाजवळ डबा विसरलो." पप्पा तर तुला वर्षाचा गडीच समजतात, पाहुण्यांना सांगतात, "मन्हा वावरमा सगळास्मा इमानदार सालदार हाईच शे, सुट्टी नई, चहा नई." तुला सांगायचं किती वेळा मनात आलं, पण तू ज्या नजरेने ते बघितलं होतंस ना, म्हणून तोंड उघडलं नाही.

तुझी मेल आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वावरात गेले आणि तुला उपटलं. आई भाजी खुडत होती, मी तुला पळवून नेतेय असं वाटून लगेच उठली, "तिले कथी ली चालनी?" मी सांगितलं, माप पाहिजे. आणि का कोण जाणे, पुढचंही सांगून टाकलं, की हीनाला वाटतं ती वाकडी आहे म्हणून तिला घालायचं नाहीये. आईने कमरेवर हात ठेवून त्या धडाकडे बघितलं. चेष्टेत नाही हं, ती बी-बियाणं बघते तसं बघितलं. आणि म्हणाली, "वाकडी कथी शे ती? वळीसन देखी ऱ्हायनी, बांधवर कोन उनं ते." बांधावर कोण आलं ते वळून बघतेय! हीना, मी दोन वर्षं रोज तिथून जाते, मला हे सुचलं नव्हतं. आणि आता मला दुसरं काही दिसतच नाही. तू वर्गात तशीच बसायचीस. कोणी आलं की आधी तुला कळायचं.

आता खालचे पेपर काढ.

ती छातीची आणि पाठीची प्लेट तुझ्या मापाची आहे. डिझाइन तुझंच, हात फक्त माझे, त्यामुळे शिव्या तयार ठेव. डाव्या काखेखालचा जोड उघडा पडला होता, तो मी भरून काढलाय आणि तुला तो लगेच दिसणार. बोल्ट मी मोजून लावलेत, स्क्रीनशॉट समोर ठेवून, एक तिरका आहे कारण सिरीजमध्येही तो तिरका आहे, आता मलाही दिसायला लागलंय. कडबा दोन पावसाळ्यांत दबला असेल म्हणून काकूंकडून तुझं दिवाळीचं ब्लाऊज मागून घेतलं आणि ताडून बघितलं. काकूंनी कशाला म्हणून विचारलं नाही. कपाटातून काढून दिलं, आणि मी जिना उतरत होते तेव्हा वरून हळूच म्हणाल्या, "काखेत धार मत रखना, बेटा." उजव्या बाजूची पट्टी मी लांब कापलीय, डावीकडे कमरेपाशी आतून तीन थर दिलेत. आतलं माप तुझं, बाहेरची रेघ कॅप्टनची. तुझंच वाक्य आहे, माझ्यावर ओरडता येणार नाही. धूळ लावायची तेवढी बाकी ठेवलीय. माझ्याकडे गेरूच आहे आणि तो अजूनही चहासारखाच दिसतो. तो लाल तुलाच सापडेल, मिरची सोडून कशातही शोध.

हे सगळं मी का लिहिलं? कारण पुण्याच्या एंट्रीची शेवटची तारीख सोमवार आहे आणि मी तुझं नाव भरलेलं नाही. ते मी भरणार नाही, तू भरशील तरच. रविवारी सकाळी मी नंदुरबारला येतेय. पुढची प्लेट तू स्वतः घालू शकशील, खांद्याचे हूकही लागतील, हेल्मेट तर तू डोळे मिटून घालशील. पण मागची तीन बकलं राहतील. मी किती प्रयत्न केला, हात तिथे पोचतच नाही. आर्मर अ‍ॅक्युरेट केलं की असंच होतं. घालायचं नसेल तर काही बोलू नकोस, आपण पोह्यांचा नाश्ता करू आणि मी दुपारच्या रिक्षाने परत जाईन, आपलं काही बिघडत नाही. पण घालावंसं वाटलं तर वरच्या खिडकीतून नुसती हाक मार. मी खाली मिरची वाळत घातलेल्या पथारीपाशीच उभी असेन. वर येईन, तुझ्या मागे उभी राहीन, आणि आवळायच्या आधी दोन बोटं आत घालून बघीन, तुला श्वास घेता येतोय ना.

तुझीच, आणि यावेळी तुझ्या पाठीमागे उभी राहणारी,
मोहिनी

ता. क. आई विचारतेय, हीना परत कधी येणार. पोपटांनी दादर खायला सुरुवात केलीय. मी सांगितलं, तिला आता दुसरं काम आहे.